मिस्त्री प्यायले नव्हते

मिस्त्री वरून पडले तेव्हा टाचणी खाली कपड्यांच्या खोलीत राजाच्या अंगरख्याला बटणं लावत होती. धप्पकन आवाज आला, पण नाट्यगृहात असले आवाज रोजचेच. कुठे खांब कलंडतो, कुठे सिंहासन उलटतं. तिने मान वर केली नाही. बटण पक्कं केलं, दोरा दातांनी तोडला, आणि मग कुणीतरी तिला हाक मारत धावत आलं.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. नटांचे कपडे शिवता शिवता तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून सगळे टाचणीबाई म्हणायचे. तिचा नवरा तिथलाच सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, आणि घरात तीही कधीमधी थट्टेने म्हणायची, "मिस्त्री, जेवायला या."

रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, फळ्यांचा अरुंद माचा असतो. त्यावर उभं राहून पडदे नि देखावे दोरांनी वरखाली करायचे. त्यातली एक फळी कुजली होती. मिस्त्री ते व्यवस्थापकाला सांगत होते, आणि घरी येऊन टाचणीला सांगत होते. "आज परत सांगितलं," ते हात धुता धुता म्हणायचे. "म्हणतात, हंगाम संपू दे." हंगाम संपायच्या आत मिस्त्रीच संपले.

व्यवस्थापकाला पाठीमागे सगळे अत्तर म्हणत. माणूस जिन्यात असला की वास वरच्या मजल्यावर पोहोचलेला असायचा. तो आला, मिस्त्रींच्या शेजारी गुडघ्यावर बसला, वाकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वास येतोय. प्यायलाय हा."

वास येत होता, त्यात खोटं काही नव्हतं. तो पॉलिशचा वास होता. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेल्या पॉलिशचा. त्या दिवशी सकाळपासून मिस्त्री एक खुर्ची पॉलिश करत होते, आणि ती खुर्ची होती खुद्द अत्तरच्या खोलीतली. त्यानेच सांगितलं होतं, चकचकीत झाली पाहिजे म्हणून. सदरा, बाह्या, हात, सगळं त्या वासाने भरलेलं. ज्याच्या स्वतःच्या अंगाला गावभर वास, त्याने दुसऱ्याच्या अंगाचा वास काढला!

चौकशी झाली म्हणायची. कामगार दारूच्या नशेत तोल जाऊन पडला, असा निकाल लागला. बाकीच्यांना आपापली नोकरी होती, त्यांनी तोंडं मिटली. टाचणीला नुकसानभरपाई मिळाली नाही, पण ते दुःख तिने गिळलं असतं. गिळवला नाही तो एक शब्द. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "मिस्त्री फार चांगला माणूस होता, पण..." आणि तिथे थांबायचा. त्या "पण"ने तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलं. आणि हा माणूस आयुष्यात कधी दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा तोंड वाकडं करून घ्यायचा.

तिने नोकरी सोडली. नाट्यगृहाच्या मागच्या फाटकासमोर एक गाळा रिकामा होता, तो घेतला आणि शाळांचे गणवेश शिवायला लागली. बहीण म्हणाली, "अगं, सगळं शहर सोडून त्याच जागेसमोर? रोज जखमेवर मीठ?"

"मीठ मला नाही," टाचणी म्हणाली. "त्याला. येता-जाता मी दिसले पाहिजे."

आणि ती दिसत राहिली. अत्तर फाटकातून बाहेर पडला की मशीनवरून मान वर करून बघायची. बोलायची नाही. तो आधी मान हलवायचा, मग नजर चुकवायला लागला, मग पुढच्या दाराने ये-जा करू लागला. तेवढ्यानेही तिला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

धंदा चालला. पोरं दर वर्षी वाढतात, गणवेश आखूड होतात. दुसऱ्या कशाची गरज नाही. एका मशीनच्या अनेक झाल्या, हाताखाली बायका आल्या. मूलबाळ नव्हतं, हौसमौज नव्हती. पैसा साठत गेला तसा रागही साठत गेला, आणि दोन्हींना गंज लागला नाही. बहीण म्हणायची, "सोड गं आता." टाचणी म्हणायची, "सोडायला ते काय मांजर आहे, धरून ठेवलेलं?"

बहिणीची मुलगी वकील झाली. पहिल्याच महिन्यात ती मावशीकडे आली. "मावशी, उशीर झालाय, पण बघू का काही करता येतंय का? खटला भरू?"

"खटल्यात तो वकील लावणार. बोलणार वकील," टाचणी म्हणाली. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. त्याच्या स्वतःच्या तोंडून, लोकांसमोर."

"असा कुठला कायदा नाही."

"मग कायद्याशिवाय बघू."

संधी आपल्या पायांनी चालत आली. सरकारी तपासनीस आले, त्यांनी वरचं सगळं लाकूडकाम ठोकून बघितलं, आणि नाट्यगृहाला कुलूप लावलं. लोखंडी काम होईपर्यंत प्रयोग बंद. विश्वस्त मंडळाकडे दमडी नव्हती. त्यांनी दारावर आवाहन लावलं: देणगी द्या, आपल्या प्रिय व्यक्तीचं नाव खुर्चीवर कोरून घ्या.

टाचणीने ते दोनदा वाचलं, दुकानात जाऊन हात धुतले, केस नीट केले आणि मंडळाच्या बैठकीला गेली. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज खालच्या पट्टीतला, पण समोरच्याला आपोआप सरळ बसायला लावणारा. त्यांच्या शाळेचे गणवेश टाचणीनेच शिवले होते. शेजारी अत्तर बसला होता. तिला बघून त्याने कागद सारखे केले.

"कुठली खुर्ची हवी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खुर्ची नको. वरचा माचा द्यायचाय मला. सगळा. लोखंडी."

कुणीतरी खाकरलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मिस्त्रींच्या स्मरणार्थ?"

"हो."

"मोठी पाटी लावू. संगमरवरी."

"पाटी नको. पाटी कोण वाचतं? तिच्यावर धूळ बसते. तोंडाने सांगायचं. प्रत्येक प्रयोगाला, तिसऱ्या घंटेनंतर, पडद्यासमोर उभं राहून. मजकूर मी देणार, आणि तो सांगितल्याशिवाय पडदा उघडायचा नाही."

"यात काही अडचण नाही. कोण सांगणार?"

"व्यवस्थापक," टाचणी म्हणाली. "दुसरं कुणी नाही. कधी आजारी पडले तर तेवढ्यापुरतं तुम्ही. पण बरे झाल्यावर त्यांनी दोनदा सांगायचं."

एक विश्वस्त हसला. त्याला वाटलं बाई विनोद करतेय. तिने पिशवीतून चिठ्ठी काढून पुढे ठेवली. अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचली. "रंगमंचावरचा लोखंडी माचा आमचे सुतार मिस्त्री यांच्या स्मरणार्थ मिळाला आहे. मिस्त्री याच रंगमंचावर काम करताना पडून वारले. त्या दिवशी ते प्यायलेले नव्हते."

अत्तरने खुर्ची पुढे ओढली. "बाकी ठीक आहे. शेवटचं वाक्य जरा... म्हणजे लोक करमणुकीसाठी येतात. रसभंग होतो."

"पण खोटं आहे का ते?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खोटं... असं नाही म्हणत मी."

"म्हणजे खरं?"

"खरं असू शकेल."

"असू शकेल म्हणजे काय हो? तुम्हीच होतात ना तिथे?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. बाहेर दाराला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली समोरच्या बाईच्या पिशवीत होती. अत्तरने रुमालाने ओठ टिपले. "खरं आहे," तो म्हणाला.

टाचणीला वाटलं, वर्षानुवर्षं उपाशी राहून आज पहिला घास पोटात गेला.

भाचीने कागदपत्रं केली. तिनेच सुचवलं की बाहेर दाराशी एक पेटीही ठेवू. कुठल्याही नाट्यगृहात पडद्यामागे काम करणारा माणूस जखमी झाला, तर त्याच्या घराला त्यातून मदत. नाव मिस्त्री निधी. टाचणीला त्यात फारसा रस नव्हता. "ठेव, ठेवायची तर," ती म्हणाली. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

नाट्यगृह उघडलं त्या संध्याकाळी ती पहिल्या रांगेत मध्यभागी बसली. तिसरी घंटा झाली. पडद्याच्या फटीतून अत्तर बाहेर आला, चेहरा चुन्यासारखा. त्याने मजकूर असा म्हटला, जसं मूल कडू औषध घोटतं. शेवटचं वाक्य तर दातांतच राहिलं.

"ऐकू आलं नाही," टाचणी म्हणाली. आवाज चढवला नाही. पहिल्या रांगेतून चढवावा लागत नाही.

तो परत म्हणाला. मागून कुजबुज झाली. कोण मिस्त्री? कुणी म्हटलं होतं प्यायले होते म्हणून? एका म्हाताऱ्या रसिकाने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघांनी अत्तरकडे बघितलं. टाचणी उठली आणि नाटक न बघता घरी गेली. तिला पुढच्या नाटकाशी कर्तव्य नव्हतं. तिचा प्रयोग झाला होता.

मग प्रत्येक प्रयोगाला ती यायची. अत्तर फटीतून बाहेर येताच आधी पहिल्या रांगेकडे बघायचा. ती असायचीच. तो वाळत गेला. गळ्याची बटणं सैल झाली, सदरा खांद्यावरून उतरू लागला. तिच्या शिंपी डोळ्याला ते बरोबर कळायचं. पडदा ओढणारे गडी आत तोंड दाबून हसायचे. लाइटवाला मिस्त्रींचा जुना दोस्त. तो अत्तर बाहेर आला की त्याच्या तोंडावर असा लख्ख प्रकाश टाकायचा की घामाचा थेंब न् थेंब मोजता यावा.

तसंच चालू राहिलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण अत्तर तरुणपणी नट व्हायला आला होता. नट होता आलं नाही म्हणून तो व्यवस्थापक झाला होता. ती आग कुठेतरी राखेखाली होतीच.

एकदा त्याला पडसं झालं होतं. "पडून वारले" म्हणताना घसा बसला आणि तो थांबला. त्या थांबण्यात कुणीतरी बाई हुंदका देऊन गेली. अत्तरने तो हुंदका ऐकला. टाचणीनेही त्याला तो ऐकताना पाहिलं. भुकेल्या कुत्र्याला रस्सा दिसावा तसे त्याचे डोळे झाले.

दुसऱ्या प्रयोगाला पडसं नव्हतं, पण थांबणं होतं. तिसऱ्याला थांबून त्याने वर बघितलं, माच्याकडे. मग हात छातीवर आला. मग आवाजात कंप आला, ठरलेल्या जागी, तबल्याच्या समेसारखा. "त्या दिवशी ते प्यायलेले नव्हते" हे वाक्य तो असं म्हणायला लागला की जणू साऱ्या जगाने मिस्त्रींवर आळ घेतला आणि हा एकटा त्यांच्या बाजूने उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! टाचणी पहिल्या रांगेत बसून होती आणि तिच्या चहूबाजूंनी टाळ्या पडत होत्या. कुठे बघावं तिला कळेना.

पेटी भरून वाहू लागली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, खाली मथळा, सहकाऱ्याला न विसरणारा व्यवस्थापक. लोक नाटकासाठी कमी आणि त्या तीन ओळींसाठी जास्त येतात, असं म्हणायला लागले. चोराने चोरी केली ती केली, वर मालकाच्या दारात बसून कीर्तीही लुटली.

आणि एक गोष्ट तिला गिळता येईना न् थुंकता येईना. निधीचं काम होत होतं. दुसऱ्या नाट्यगृहातला एक रंगारी शिडीवरून पडून कमरेतून अधू झाला होता. त्याचं घर निधीवर चालत होतं. त्याची बायको आभार मानायला दुकानात आली. म्हणाली, "तुमच्या साहेबांनी सांगितलेलं ऐकून आमच्या ह्यांना रडू आलं. काय माया आहे हो त्या माणसाच्या आवाजात!"

टाचणीने कात्री खाली ठेवली. "बसा," ती म्हणाली. "पाणी आणते." आत जाऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. पाणी न्यायला तिला बराच वेळ लागला.

मग एका दुपारी अत्तरने तिला आपल्या खोलीत बोलावलं. स्वतः उठून दार उघडलं. "या वहिनी, या." पूर्वी तो बाई म्हणायचा. चहा मागवला. त्याने मळभ गेल्यासारखं तोंड केलं होतं. मिस्त्रींच्या स्मृतिदिनाला मोठा प्रयोग ठेवायचा. मंडळ त्याला मानपत्र देणार होतं, आणि त्याची इच्छा होती की ते टाचणीच्या हातून मिळावं.

"तुम्ही पहिल्यांदा आलात ना वहिनी, तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटतं, बरंच झालं. आपण दोघांनी मिळून मिस्त्रींचं नाव केवढं मोठं केलं!"

आपण दोघांनी. टाचणीने कप बशीत ठेवला.

"एक विचारू का? फळी कुजलीय म्हणून ह्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगत असायचा तो." अत्तर हसला, जुन्या मित्राच्या खोड्या आठवाव्यात तसा. "सगळेच काहीबाही सांगत असतात. हा म्हणतो नळ गळतो, तो म्हणतो फळी हलते. कुणाकुणाचं ऐकायचं?"

"आणि तो वास पॉलिशचा होता."

तो चहा ढवळत राहिला. चमचा बराच वेळ फिरला. त्याला वाटलं असेल, आता आपल्यात काय राहिलंय. एका ताटात जेवणारी माणसं आपण. "माझी नोकरी गेली असती तेव्हा," तो म्हणाला. "घरात सगळे माझ्या जिवावर. मेलेल्याचं काय जाणार होतं, वहिनी?"

टाचणीने उरलेला चहा संपवला. अगदी शेवटच्या घोटापर्यंत. मग उठली. "चांगला होता चहा. मानपत्र माझ्याच हातून देऊ."

तिथून ती तडक अध्यक्षबाईंच्या घरी गेली आणि झालेलं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. मग तिथेच बसून नवा मजकूर लिहून दिला. तो वाचून झाल्यावर अध्यक्षबाई एवढंच म्हणाल्या, "हे तो वाचणार नाही."

"मग पडदा उघडणार नाही. तसं ठरलंय."

"ठरलंय खरं," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी करून टाचणीला परत दिली. "त्या चौकशीच्या कागदावर माझीही सही आहे, टाचणीबाई. मी येईन त्या दिवशी आत."

भाची मात्र भडकली. "मावशी, तुला कळतंय का काय करतेस? लोक त्याचं ऐकून पैसे टाकतात. हे ऐकल्यावर कोण टाकेल?"

"त्याच्या खोट्या रडण्यावर चालणारा निधी मला नको."

"निधी तुझा नाहीच. रंगाऱ्याचा आहे."

हे लागलं. टाचणी मशीनवर बसली आणि एक पूर्ण बाही उलटी जोडली, जे तिच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. पोरगी बरोबर बोलत होती, हे तिला आतून कळत होतं. तिने बाही उसवली, सुलटी लावली, दोरा तोडला. "तरीही," ती म्हणाली. "रंगाऱ्याचं मी बघेन. पण तरीही."

स्मृतिदिनाच्या प्रयोगाला नाट्यगृह खचाखच भरलं. नाटक हसवणूक करणारं होतं. अत्तर नवा कोट घालून आला होता, आणि त्या दिवशी अत्तरही दुप्पट होतं. दुसरी घंटा झाल्यावर टाचणी रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड गेली. मागे अध्यक्षबाई. तिने चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

त्याने वाचली. कानाच्या पाळ्यांपासून रंग उतरत गेला.

"हे मी वाचणार नाही."

"नका वाचू," टाचणी म्हणाली, आणि तिथल्याच एका लाकडी पेटाऱ्यावर बसली.

तिसरी घंटा झाली. बाहेर लोक गप्प झाले. अत्तरने अध्यक्षबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचत नसाल तर मी जाऊन प्रयोग रद्द म्हणून सांगते. कशामुळे तेही सांगते."

त्याने चिठ्ठी खिशात कोंबली, कोट सारखा केला आणि बाहेर गेला. लाइट त्याच्या तोंडावर आला. आणि त्याने जुनाच मजकूर म्हटला! छातीवर हात, वर नजर, ठरलेल्या जागी कंप. इतका सुंदर त्याने पूर्वी कधी म्हटला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो वाकला आणि पडदा उघडायची वाट बघत बाजूला सरकला.

पडदा उघडला नाही. दोर धरणाऱ्या गड्याने हाताची घडी घातली होती. त्याने टाचणीकडे बघितलं, टाचणीने मान हलवली: नाही.

टाळ्या विरल्या. अत्तर मिटलेल्या पडद्यासमोर उभा. लोकांना वाटलं काहीतरी अडकलं. कुणी हसलं, कुणी शिट्टी घातली. लाइटवाल्याने लाइट हलवला नाही. अत्तर हसू आणून उभा राहिला, मग हसू टिकेना. त्याने फटीतून आत तोंड घातलं. "उघडा ना!" तो फिस्कारला. आत नट आपापल्या जागी उभे होते, मुख्य नट कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, आटपा काय ते!" कुणीही जागचं हललं नाही.

"चिठ्ठी खिशात आहे," टाचणी म्हणाली.

तो परत वळला. खिशातून कागद काढून उलगडायला त्याला वेळ लागला. मग तो वाचू लागला.

"मिस्त्रींनी मला फळी कुजल्याचं वारंवार सांगितलं होतं. मी ती बदलली नाही. ते पडले तेव्हा त्यांच्या अंगाला जो वास येत होता, तो माझ्या खोलीतल्या खुर्चीच्या पॉलिशचा होता. ते मला माहीत होतं. तरी ते प्यायले होते असं मी सगळ्यांना सांगितलं."

आवाजात कंप नव्हता. छातीवर हात नव्हता. ही एकच गोष्ट त्याने आयुष्यात अभिनयाशिवाय म्हटली असेल. कुणी टाळी वाजवली नाही. एवढ्या लोकांच्या गर्दीत खुर्ची करकरल्याचा आवाज आला. अत्तर पडद्याची फट शोधू लागला. हात चाचपडत राहिला, त्याला ती सापडेना. शेवटी गड्याने पडदाच उघडला, आणि तो उघड्या रंगमंचावरून, थक्क उभ्या नटांच्या मधून, चालत निघून गेला. त्या दिवशी नाटकातल्या पहिल्या विनोदाला एकही माणूस हसला नाही. बिचारे नट.

टाचणी पेटाऱ्यावर बसून होती. तिने मानपत्र अध्यक्षबाईंच्या हातात ठेवलं. "हे कुणाला द्यायचं ते तुम्ही बघा."

अत्तरने महिन्याच्या आत राजीनामा दिला. नवी व्यवस्थापक बाई आली. टाचणीने तिच्यासाठी मजकूर बदलला. तिने कशाला दुसऱ्याचं पाप रोज म्हणायचं? आता ती एवढंच सांगते की माचा मिस्त्रींच्या स्मरणार्थ आहे आणि ते फार चांगले सुतार होते. त्यापुढे "पण" नाही.

पुढे एकदा बसथांब्यावर टाचणी आणि अत्तर समोरासमोर आले. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. तो म्हणाला, "झालं समाधान?"

"झालं," टाचणी म्हणाली. तिने खरं तेच सांगितलं. बहीण, शेजारीपाजारी, सगळ्यांनी तिला बजावलं होतं की सुडाने समाधान होत नसतं. त्यांच्यापैकी कुणी तो घेऊन बघितला नव्हता. तिला त्या संध्याकाळनंतर गाढ झोप लागू लागली होती, आणि मिस्त्री आठवले की आता ते जमिनीवर पडलेले आठवत नव्हते. हात धुताना आठवत होते.

पण भाचीचंही खरं झालं. पेटीत पैसे पडेनासे झाले. जिथे कुणी रडत नाही तिथे लोक हात खिशात घालत नाहीत. रंगाऱ्याच्या घरी काही महिने टाचणीने आपल्या गल्ल्यातून पाठवलं, पण तेवढ्यात एका नाट्यगृहात दिव्याची तार लागून एक जण भाजला, त्याचंही घर निधीच्या दारात आलं. एकीच्या गल्ल्यात किती घरं मावणार? आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेली बाई दुकान बायकांवर सोपवून मागायला निघाली. तिला मागता यायचं नाही. भांडल्यासारखी मागायची. दोन ठिकाणी तर लोकांनी घाबरून दिलं.

त्या दिवशी ती कापडाच्या घाऊक दुकानात गेली. मालक नवा होता, तरुण, गिऱ्हाईकांच्या गर्दीत बुडालेला. तिने पावतीपुस्तक पुढे सरकवलं. त्याने वरचं नाव वाचलं.

"कोण हे मिस्त्री?"

टाचणीने पलीकडचं स्टूल ओढलं, पिशवी मांडीवर घेतली आणि बसली. "वेळ आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली. "नसला तर काढा."